एका खेपेचं गाणं

त्याचं बोलणं ऐकायचं तर आपला कान त्याच्या तोंडापाशी न्यावा लागायचा, आणि गाणं ऐकायचं तर दोन्ही कानांवर हात ठेवावे लागायचे. मधलं असं त्याच्यापाशी काही नव्हतंच.

हिंगोलीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं हळद पॉलिश करायचं शेड होतं. होतं म्हणजे पत्रे अजून आहेत, आतला ड्रम विकला. ज्यांनी हळद फक्त स्वयंपाकघराच्या डब्यात पाहिली त्यांच्यासाठी सांगते. शिजवून वाळवलेलं हळकुंड दिसायला काळपट, सुरकुतलेलं, मुळ्या चिकटलेलं. ते मोठ्या जाळीच्या ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडावर हळकुंड घासतं, साल निघते, भुकटी उडते, आणि पाऊणेक तासानं माल पिवळा होऊन बाहेर येतो. ती एक खेप. अशा खेपा दिवसभर चालायच्या. आवाज एवढा, की शेडात दोन बायांचं भांडण जुंपलं तरी तिसरीला ते नुसतं हातवाऱ्यांवरून कळायचं.

त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, स्टेशनच्या रस्त्याला. एका उन्हाळ्यात ऐन हंगामात आमची मोटार जळाली म्हणून त्याला बोलावलं. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, आणि एवढ्या उन्हात गळ्याला मफलर. मोटार बसवली, चालू केली, आता निघावं की नाही? तर हा ड्रमपाशी मान तिरपी करून उभा. अख्खी खेप निघेपर्यंत उभा. मग माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "काकू, सुरुवातीला हा जड बोलते. साल सुटली की हलका होऊन पळते. कधी ध्यान देऊन ऐकलं का तुमी?"

मी म्हटलं, "बाबा, लग्न होऊन आले तवापासून हेच ऐकून राहिले. दुसरं काय ऐकलं मी?"

तेव्हा त्यानं शेडातला कोपरा मागितला. तो आणि त्याचे दोन दोस्त मिळून काहीतरी वाजवत होते, आणि जिथं वाजवतील तिथून लोक हाकलून देत होते. घरमालकानं हाकललं, गल्लीनं हाकललं, गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयाच्या रखवालदारानंही हाकललं. "तुमच्याकडं आवाज आधीपासूनच आहे काकू. त्यात आमचा कोणाला कळणार न्हाई."

आमचे हे तेव्हा होते. ते म्हणाले, "वाजवा. पण मालाला हात लावायचा न्हाई आन बायांकडं बघायचं न्हाई."

हा हळूच म्हणाला, "आमी डोळे मिटून वाजवतो."

त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं त्याला आवडणार नाही, आणि हिंगोलीतल्या माणसाला नावाची गरजही पडणार नाही.

तो दिवसभर हळू बोलायचा ते स्वभावानं गरीब म्हणून नव्हे. गळा राखून ठेवायचा म्हणून. दिवसाचा आवाज मोजका असतो, तो गिऱ्हाइकावर खर्चला तर गाण्याला काय उरणार, असं त्याचं गणित. फोन आला की जवळ असेल त्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, "त्याला म्हणा, पंखा उद्या देतो." मी स्वतः त्याच्या वतीनं कितीतरी लोकांना पंखे, मिक्सर आणि पाणबुडीच्या मोटारी उद्या देते म्हणून सांगितलेलं आहे. त्याच्या दुकानात एक गंमत व्हायची. हा कुजबुजला की समोरचाही आपोआप कुजबुजायचा. चार गिऱ्हाइकं जमली की बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आत कोणीतरी वारलं.

थंड काही घशाखाली घालायचा नाही. पण उसाच्या रसाचा भारी शौकी. मग रसवंतीवर जायचा, बिनबर्फाचा रस घ्यायचा, आणि तरीही तो गिलास दोन्ही तळव्यांत धरून बसायचा. का, तर उसाला अंगचा गारवा असते म्हणे. तो गारवा निघेपर्यंत बाकीचं बाकडं भरून रिकामं व्हायचं.

त्याच्यासोबत दोघं. एक इरफान, पिंजाऱ्याचा पोरगा, फ्रिज-एसीचं काम शिकलेला, तो गिटार वाजवायचा. दुसरा पांडू. त्याच्या घरी तीन पिढ्या लग्नातल्या वाजंत्रीची पार्टी. हातात काठी धरायला यायच्या आधीपासून बडवत आलेला. हा स्वतः जाड तारांची गिटार वाजवायचा आणि गायचा. तिघांनी मिळून नाव ठेवलं होतं 'खरवड'. भांड्याच्या बुडाला लागलेली, उलथन्यानं खरडून काढायची ती खरवड. त्यांच्या सगळ्या कारभारात तेवढंच मला पहिल्या दिवशी समजलं.

बाकीचं इरफाननं समजावलं. "काकू, याला आल्टरनेटिव्ह मेटल म्हणतेत. मेटल म्हंजे लोखंड. पण आपलं निव्वळ लोखंड न्हाई, त्यात दुसरं बी मिसळलेलं आहे."

मी म्हटलं, "म्हंजे भंगार."

पांडू पोट धरून हसला. हा मात्र विचारात पडला आणि म्हणाला, "बराबर आहे काकूचं."

गाणं सुरू झालं आणि निघालेला माल चाळणाऱ्या, चाळणीवरच्या बाया उठून बाहेर गेल्या. जो माणूस कानाशी आल्याशिवाय ऐकू येत नव्हता, त्याच्या पोटातून असा आवाज निघाला, की जणू दगडी जात्यात कोणी खिळे दळायला घेतले. मला आधी वाटलं याला काही झालं. मग बघितलं तर डोळे मिटलेले, चेहरा शांत, झोपलेल्या लेकरासारखा. शब्द लागायला मला दोन हंगाम गेले. 'घास रे, घास. आत निघेल ते निघेल. नाही निघालं तर तेही बघू.' असलं काहीतरी. पुन्हा पुन्हा तेच, फिरवून फिरवून.

चाळणीवर बसणाऱ्यांत गयाबाई म्हणून एक होती, जिभेला हाड नसलेली. ती त्याला म्हणाली, "काहून रे, एवढं काय दुखते तुला?"

तो म्हणाला, "दुखत न्हाई मावशी. निघते."

"मग निघू दे, पण जरा तिकडं तोंड करून."

त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून गायला लागला. पुढं बाहेर कार्यक्रम झाले तिथंही सवयीनं लोकांकडं पाठ करूनच उभा राहायचा. लोकांना वाटायचं, मोठा अहंकारी आहे. अहंकार कसला, गयाबाईचा धाक.

आता त्यांची जी खरी गडबड झाली ती सांगते. ती आमच्या शेडात वाढलेल्या माणसांचीच व्हावी अशी होती. ड्रमच्या आवाजाखाली वाजवता वाजवता त्यांचं गाणं ड्रमच्याच चालीनं चालायला लागलं. माल भरला की जड, सावकाश, धप धप. मग थोडी साल सुटली की पावलं जरा उचलायची. शेवटी हळकुंडं टणक होऊन खणखणायला लागली की यांचं गाणंही पळत सुटायचं. दार उघडून माल पोत्यावर ओतला की गाणं संपलं. म्हणजे एक गाणं एका खेपेएवढं. पाऊण तासाचं. अशी तीनच गाणी त्यांनी साऱ्या वर्षांत केली. आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडं कोणी अर्ध्यात ड्रम थांबवत नाही, अर्धी साल निघालेल्या मालाला मोंढ्यात कोण विचारतो?

बाहेरच्या जगात मात्र पाऊण तास कोणी दिला नाही. गल्लीतल्या गणपतीला त्यांना बोलावलं, तर त्यांची धप धप चालू असतानाच मंडळाचा अध्यक्ष आला आणि म्हणाला, "झालं असंल तर आरती घेऊ." औंढ्याकडच्या एका गावच्या जत्रेत गेले, तिथं सरपंचानं स्वतः उठून वायर काढली, वर प्रेमानं जेवू घातलं. वारंगा फाट्यावर एका ढाब्याचं उद्घाटन होतं, पांडूच्या ओळखीनं मिळालेलं. तिथं एक ट्रकवाला जवळ येऊन म्हणाला, "उस्ताद, मशीन गरम हो गयी हो तो अब गाना लगाओ."

हे सगळं येऊन पांडू मला सांगायचा, नकला करून करून. हा बाजूला बसून मफलर सारखा करायचा. मी एकदा विचारलं, "तुला वाईट न्हाई वाटत?"

म्हणाला, "वाईट एवढंच काकू, की आमचं गाणं अजून कोणी ऐकलंच न्हाई. सुरुवात ऐकली सगळ्यायनं. शेवट कोणालाच ठाऊक न्हाई."

"शेवट असा काय आहे?"

"तो शेवटी गेल्यावरच कळते."

मग पुण्याची स्पर्धा आली. मोठी होती, रंगीत दिवे, धूर, परीक्षक. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. मी म्हटलं, आता तरी आखूड करा रे. तो नुसता मान हलवत राहिला, त्या मानेचा अर्थ हो की नाही ते देवाला ठाऊक. तिथं काय झालं ते इरफाननं सांगितलं, पांडूला त्या दिवशी नकला सुचल्या नाहीत. पहिल्यांदाच समोरची पोरं गप राहून ऐकत होती. काही तर पुढं सरकून आली होती. साल नुकती सुटायला लागली, म्हणजे गाणं आता उचलणार, तेवढ्यात दिवे गेले. वेळ संपली. हा अंधारात भिंतीकडं तोंड करून गातच होता, माइक बंद, कोणाला ऐकू नाही. त्याला खांद्याला धरून फिरवावं लागलं.

खाली उतरल्यावर परीक्षकांतला एक जण आपणहून भेटायला आला. म्हणाला, असा आवाज मी ऐकला नाही. हेच चार मिनिटांत बसवा, मी पुढच्या कार्यक्रमाला तुमचं नाव सांगतो.

परतीच्या अख्ख्या प्रवासात भांडण. इरफानचं म्हणणं, चार मिनिटांचं करू, लोक ऐकतील तरी. याचं म्हणणं एकच, "चार मिनिटांत साल निघत न्हाई." इरफान शेवटी चिडून म्हणाला, "भाई, हळद घरी राहिली. हे पुणं आहे." त्यावर तो खिडकीकडं तोंड करून बसला. हिंगोलीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "तुमी दोघं करा चार मिनिटांचं. मी राग न्हाई धरणार." दोघांनी केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं. कधी कधी नाही वाटत.

यात वर्षं गेली. आमचे हे गेले. पांडूचं लग्न झालं, जुळी झाली. इरफानच्या दाढीत पांढरं आलं. हंगाम आला की तिघं येत, हंगाम संपला की जात, जसे आमच्याकडचे मजूर येत-जात. आता उत्साहानं नव्हे, सवयीनं. एक-दोनदा तर वाजवता वाजवता पांडूला डुलकी लागलेली मी पाहिली, हात चालूच होते. मलाही शेड सांभाळणं जड व्हायला लागलं होतं. गुडघे धरायचे. मोंढ्यात मोठ्या मशिनी आल्या होत्या, आमच्याकडं माल कमी कमी येत होता.

आणि त्याचा आवाज बसायला लागला. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण बोलायचा तो कुजबुजूनच आणि गाणं मुळातच खरखरीत. त्यालाच कळलं. नांदेडला दाखवलं. मी सोबत गेले होते, कारण डॉक्टरशी बोलायला कोणीतरी आवाजवालं पाहिजे. डॉक्टर म्हणाला, गळ्यात गाठी आहेत. ओरडणं बंद, धूळ बंद. काय काम करता? मी सांगितलं, मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो, आणि हळदीच्या भुकटीत उभा राहून ओरडतो. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. म्हणाला, ऑपरेशन करू. गाठी काढल्या की आवाज स्वच्छ होईल.

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. "काकू, स्वच्छ म्हंजे कसा?"

"म्हंजे चांगला. सगळ्यायसारखा."

"मग तो कोणाचा?"

मी म्हटलं, "आधी जीव सांभाळ बाबा." पण त्याचं दुखणं जिवाचं नव्हतंच. तो म्हणाला, "ऑपरेशन करतो. पण त्याच्याआधी एकदा, या आवाजानं, पूर्ण गाणं लोकायपुढं व्हायला पाहिजे. शेवटापर्यंत. एकदाच. मंग काय कापायचं ते कापा."

त्याच सुमारास इरफानचा रियाधचा व्हिसा आला. म्हणजे जे काही करायचं ते आताच.

हंगाम संपत आला होता. आमच्या घरची हळद मी पॉलिश न करता ठेवून दिली, एक खेप भरेल एवढी. सून म्हणाली, भाव उतरून राहिले, काढून टाका. मी म्हटलं, राहू दे. एका रविवारी सकाळी शेड झाडून घेतलं, पोती अंथरली. कोण कोण आलं? इरफानची अम्मी आणि बहिणी, पांडूची बायको जुळ्यांना घेऊन, वाजंत्री पार्टीतले त्याचे काका, मोंढ्यातले काही हमाल, त्याची मोटार-पंख्याची गिऱ्हाइकं, आणि चाळणीवरच्या आमच्या बाया. वीज जाईल म्हणून त्यानं ड्रमला ट्रॅक्टर जोडून घेतला होता. आज कोणी वायर काढणारं नव्हतं. दिवे घालवणारं नव्हतं.

ड्रम फिरला. धप धप सुरू झालं. त्यानं सवयीनं भिंतीकडं तोंड केलं, तर गयाबाई खालूनच म्हणाली, "आज इकडं केलं तरी चालंल." तो वळला. मी त्याला गाताना समोरून पहिल्यांदा पाहिलं. आवाज फाटका होता, पण होता. जड भाग सगळा निभावला. हमाल मान डोलवायला लागले, ओझं वाहणाऱ्यांना ती चाल पटकन पायात बसते. मग साल सुटायला लागली, शेडात पिवळं धुकं झालं, पांडूनं हात उचलले, इरफाननं गिटार पुढं काढली, आणि त्याचा आवाज गेला.

खोकला नाही, काही नाही. दोर तुटून बादली विहिरीत जावी तसा गेला. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि बाहेर काही येत नाही. इरफाननं पांडूकडं पाहिलं. पांडूनं माझ्याकडं पाहिलं, जणू ड्रम थांबवायचा का ते मी सांगणार. मी गाणाऱ्याकडं पाहिलं. तो थांबला नव्हता. ओठ चालूच होते, शब्द न चुकवता, जागच्या जागी. मग त्या दोघांनीही वाजवलं. शेवटापर्यंत वाजवलं. पळत, खणखणत, पांडूच्या काकांनी तोंडात बोट घालावं असं. लोक बसून राहिले. कोणी उठलं नाही. दार उघडलं, माल ओतला, संपलं.

टाळ्या वाजल्या, थोड्या. पुढं काय करायचं ते कोणाला कळेना. गयाबाई पदरानं तोंड पुसत त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "मधी तुझा आवाज बसला तवा बरं वाटलं बघ. तवा कुठं बाकीचं ऐकू आलं."

इरफाननं कपाळाला हात लावला. पण हा हसला. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलले. किती तरी वेळ हलत होते. मग पोत्यावर बसला आणि बसूनच राहिला. मी पाणी दिलं, कोमट करून. ते त्यानं तसंच हातात धरलं, प्याला नाही. लोक गेले, ड्रम निवला, तरी तो तिथंच. जाताना इरफाननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभर मुकाट राहायचं होतं, त्याला त्याचं काही अवघड गेलं नाही. इरफान गेला. पांडू आता डीजे लावतो. आमचा ड्रम कळमनुरीकडच्या एकानं नेला.

परवा पांडूच्या पुतणीचं लग्न होतं. भटजींचा घसा बसला होता, तर कोणीतरी यालाच पुढं केलं, मंगलाष्टकं म्हण म्हणून. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. माइक धरला, लोकांकडं तोंड केलं आणि म्हटली. सगळी म्हटली, पहिल्यापासून शेवटापर्यंत. पाण्यासारखा आवाज, कुठं खडा नाही. अक्षता हातात धरून म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. नवरदेवाचा मामा म्हणाला, "अहो, एवढा गळा असून तुमी मोटारी काय भरत बसलात?"

पंगतीत तो माझ्याच शेजारी बसला होता. मी म्हटलं, "चांगलं म्हटलंस रे."

"व्हय काकू," तो म्हणाला, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "आता म्हणायला काहीच तकलीफ होत न्हाई."

आणि वाढपी समोर आला तेव्हा त्यानं रिकाम्याच पत्रावळीवर हात आडवा धरला.